मामांचा डबा: टांकसाळीत चुकलेली आणि बाहेर बिघडलेली नाणी

२ जून २०२४, निगडी

कराडहून डबा आला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाच्या कडेला गंज, आत रबर लावून बांधलेल्या कागदी पुड्या. मोजल्या, ८७ भरल्या. प्रत्येक पुडी बँकेच्या भरणा पावतीच्या कोऱ्या बाजूची, आणि वर मामांच्या उभ्या, टोकदार अक्षरात दोन-चार शब्द: 'काउंटरवर आलं, १४/३/९४', 'कड नाही', 'विचित्र', 'दोनदा ठोकलं?'

मामा एका सहकारी बँकेत तीस वर्षं रोखपाल होते. गल्ल्यात काही वेगळं दिसलं की आपल्या खिशातलं तेवढंच नाणं तिथे ठेवायचे आणि ते बाजूला काढायचे. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. मामी फोनवर म्हणाल्या, "यातलं टांकसाळीत चुकलेलं कुठलं आणि नुसतंच मोडलेलं कुठलं, ते तू बघ. तू मशीनवरचा माणूस आहेस."

तेवढं खरं आहे. चाळीस वर्षं टूलरूममध्ये प्रेस टूल केली. पंच, डाय, स्ट्रिपर यांतच हात काळे झाले. नाणं म्हणजे शेवटी प्रेसवरून निघालेलं काम, आणि प्रेसवरून निघालेल्या कामावर त्याचा सगळा इतिहास असतो. तो वाचायचा.

आजचं काम एवढंच: पुड्यांना १ ते ८७ आकडे दिले. मामांची चिठ्ठी नाण्यापासून वेगळी करायची नाही, हे ठरवलं. साधनं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, व्यास मोजायला व्हर्निअर, लोहचुंबक, टेबलावरचा वाकवता येणारा दिवा. नाणं पुसायचं नाही, घासायचं नाही, धुवायचं नाही.

एक वाईट गोष्ट नोंदवून ठेवतो. नऊ नाणी आधीच लखलखीत आहेत. कुणीतरी मायेने चिंच-मिठाने घासलेली दिसतात. चमक आली, पण मला हवं होतं ते गेलं. ठोका बसताना धातू मधून कडेकडे सरकतो, त्याने नाण्यावर एक बारीक किरणांची झळाळी येते. नाणं दिव्याखाली फिरवलं की ती चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ओरखडा नंतर पडलेला असेल तर झळाळी त्या जागी तुटते. घासलेल्या नाण्यावर हा पुरावाच उरत नाही.

६ जून

आज एकाही नाण्याला हात लावला नाही. टांकसाळीतल्या कामाचा क्रम वहीत लिहून काढला, कारण पुढचा सगळा न्याय त्या क्रमावर आहे.

धातूची पट्टी येते. प्रेस तिच्यातून गोल चकत्या पाडतो. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन चकचकीत करतात. मग एका यंत्रातून त्या कडेवर दाब देत फिरवतात, म्हणजे कड थोडी वर उभी राहते. शेवटी चकती दोन ठशांच्या, म्हणजे चित्र खोल आणि उलटं कोरलेल्या पोलादी साच्यांच्या, मध्ये येते. भोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. एक ठोका, आणि दोन्ही बाजू व काठ एकाच क्षणी तयार.

म्हणजे टांकसाळीची चूक तीनच ठिकाणी होऊ शकते. चकतीत, ठशात किंवा ठोक्यात. नाणं कॉलरमधून बाहेर पडलं की त्याचं घडणं संपलं. त्यानंतर त्यावर जे होतं ते नुकसान, मग ते कितीही अद्भुत दिसो.

त्यामुळे प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारायचा: हे ठोक्याच्या आधी झालं, ठोक्यासोबत झालं, की ठोक्यानंतर? लोक उलटं विचारतात. 'असं दुसरं कुठे पाहिलंय का?' नाही पाहिलं, म्हणजे दुर्मीळ. पण हातोडीचा घाव दोन नाण्यांवर कधीच सारखा बसत नाही. तसं पाहिलं तर मोडलेलं प्रत्येक नाणं जगात एकमेव असतं.

९ जून

आधी सोपी पुडकी उरकली.

सहा पुड्यांवर 'सालाखाली खूण नाही' असं लिहिलं आहे. ही चूक नाही. मुंबईच्या टांकसाळीच्या नाण्यावर सालाखाली चौकटीच्या आकाराची खूण असते, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची टांकसाळ खूणच घालत नाही. सहाही नाणी कोलकात्याची, अगदी सरळ. आणखी दोन पुड्यांवर 'इंग्रजी अक्षर आहे' असं. १९८५ चा रुपया, एच अक्षराचा, हा बर्मिंगहॅममध्ये हीटनकडे पाडून घेतलेला. १९८८ चे पंचवीस पैसे, सी अक्षराचे, हे कॅनडातल्या ओटावाचे. त्या काळात आपल्याकडे नाण्यांची टंचाई होती, म्हणून बाहेरून पाडून आणली. ही आठ नाणी चुकलेलीही नाहीत, मोडलेलीही नाहीत. वेगळ्या पाकिटात.

मग वजनं. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मा निकाल इथेच लागतो. १९९२ पासूनचा पोलादी रुपया २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. त्याच काळातले जाड पाच रुपये २३ मिलिमीटर, ९ ग्रॅम. अकरा कोनांचे दोन रुपये ६ ग्रॅम. वापराने झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, ते धरून चालायचं.

पुडी ३१: 'पातळ पाच रुपये'. भरले ७.६२ ग्रॅम. पातळ चकतीवर पडलं असतं तर कॉलरने व्यास २३ वरच धरला असता. हे भरलं २२.३. व्यासही घटला, जाडीही घटली. भिंगाखाली अक्षरं सगळीकडून सारखी बारीक झालेली, पावसात विरघळत आलेल्या साखरेच्या खेळण्यासारखी. काठावरच्या खाचा जवळजवळ गेलेल्या. ॲसिड. असली तीन निघाली, तिन्ही नुकसान.

१५ जून

तुकडा गेलेली नाणी सात. हे माझ्या घरचं काम, म्हणून आजचा पूर्ण दिवस दिला.

पट्टीतून चकत्या पाडताना पट्टी नीट पुढे सरकली नाही तर पंच, म्हणजे चकती कापणारा पोलादी दांडा, आधीच्या भोकावर थोडा चढतो. मग निघालेल्या चकतीला चंद्रकोरीसारखा घास पडलेला असतो. पट्टीच्या टोकाला पंच बसला तर तो घास सरळ रेषेत. ही झाली चकतीची चूक, म्हणजे ठोक्याच्या आधीची.

आता खरी गंमत पुढे आहे. अशी तुटकी चकती कड उभी करणाऱ्या यंत्रात गेली की तिथे दाब दोन समोरासमोरच्या बाजूंनी लागतो. एका बाजूला धातूच नाही, म्हणून तिच्या बरोबर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. तिथली कड उभीच राहत नाही. ठोका पडल्यावरही ती जागा फिकी, बसकी राहते. ब्लेकस्ली नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हे दाखवलं, म्हणून त्याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. मी हे वाचलं तेव्हा चक्क उठून उभा राहिलो. नाण्याच्या एका काठावरचा पुरावा पलीकडच्या काठावर जाऊन बसतो, आणि कात्रीने नाणं कापणाऱ्याच्या ते स्वप्नातही येत नाही. मात्र हा परिणाम प्रत्येक खऱ्या नाण्यावर दिसतोच असं नाही. घास अगदी लहान असेल तर नाही दिसत. तेव्हा तो असेल तर मोठा साक्षीदार, नसेल तर दुसरे साक्षीदार शोधायचे.

दुसरा साक्षीदार म्हणजे घासाजवळची अक्षरं. धातू ठोक्याखाली मोकळ्या जागेकडे पळतो, म्हणून तिथली अक्षरं घासाकडे ओढल्यासारखी, निमुळती, पुसट होत जातात. नंतर कापलेल्या नाण्यावर अक्षर पूर्ण ठसठशीत असतं आणि मध्येच कच्चकन संपतं.

तिसरा साक्षीदार फक्त टूलरूमवाल्याला चटकन दिसावा. पंचने पाडलेल्या काठाला दोन पट्टे असतात. अर्धा गुळगुळीत, चमकदार, जिथे पंच धातू कापत गेला, आणि उरलेला खरबरीत, जिथे धातू शेवटी तुटला. घासाच्या आतल्या काठाला कॉलर कधी टेकतच नाही, म्हणून हे दोन पट्टे तिथे शिल्लक राहतात. पुडी १२, २७ आणि ६४, तिन्ही पोलादी रुपये, तिन्हींवर पट्टे आहेत. १२ आणि २७ वर समोरची कडही बसकी. तिन्ही खरी.

उरलेल्या चार: दोन पत्रा कापायच्या कात्रीची, कापलेल्या काठावर बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार कोर, उभी. बोटाला लागते. एकावर हॅक्सॉच्या दात्यांच्या तिरप्या रेषा. चौथ्याला घास छान गोल आहे, पण तो कानशीने केलेला. कानशीच्या रेषा काठाच्या लांबीने गेल्यात. याच्या चिठ्ठीवर मामांनी उद्गारचिन्ह दिलं होतं.

२३ जून

उंच आणि खोल. आजच्या कामाचं सूत्र या दोन शब्दांत आहे.

ठशाला तडा गेला तर ठशात खाच पडते. त्या खाचेत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेष उमटते. ओरखडा नाण्यालाच पडला तर रेष खोल, आणि तिच्या दोन्ही काठांना नांगरलेल्या मातीसारखा धातू उचललेला. दिवा अगदी आडवा करून नाणं हळूहळू फिरवलं की सावली कुठल्या अंगाला पडते त्यावरून कळतं. नुसत्या डोळ्यांनी मात्र फसायला होतं. खोल रेष उंच दिसते, उंच खोल दिसते. मी शंका आली की सुईचं टोक न टेकवता, नाण्यावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरवतो. लहानपणी करायचो तसंच. उंच रेष काळी उमटते.

रेषा असलेली नाणी अकरा. उंच चार, खोल सात. उंच चारांपैकी पुडी ४५ फार सुंदर आहे. पाच रुपयांच्या काठापासून निघालेली रेष सिंहस्तंभाच्या मागून जाऊन दुसऱ्या काठाला भिडते. ती सिंहांच्या अंगावरून जाताना किंचित वळते. त्या ठशाने त्यानंतर आणखी किती नाणी पाडली असतील आणि तो कधी फुटला असेल, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.

पुडी ५०, गेंड्याचे पंचवीस पैसे. काठाला धातूचा गोळा. मामांची चिठ्ठी: 'ठसा फुटला'. ठशाचा काठाजवळचा कपचा उडाला तर खरंच असा गोळा येतो. पण धातू तेवढाच राहतो, फक्त जागा बदलतो, आणि गोळ्याच्या मागच्या बाजूचं चित्र पुसट होतं, कारण तिथला धातू पुढच्या पोकळीत निघून गेलेला असतो. हे नाणं असायला हवं २.८ ग्रॅमच्या आसपास. भरलं ३.१४. मागची बाजू ठणठणीत. म्हणजे वरून धातू आला, डाग दिलेला आहे. कधीतरी कुणाच्या तरी माळेत हे पंचवीस पैसे ओवले गेले असावेत.

३० जून

आजची नोंद लांबेल.

पुडी १ वर मामांनी लाल शाईने लिहिलं होतं: 'लाखी. जपून.' बाजारात लाखी म्हणतात त्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचं उठावाचं चित्र असतं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोल आणि आरशातल्यासारखं उलटं. कसं होतं, ते असं: ठोका पडलेलं नाणं बाहेर न पडता एका ठशाला चिकटून बसतं. पुढची चकती येते. तिच्या एका बाजूला ठसा, आणि दुसऱ्या बाजूला ठशाऐवजी ते चिकटलेलं नाणं. त्या नाण्याचं उठावाचं चित्र नव्या चकतीत रुतून बसतं. ब्रोकेज हे त्याचं दुसरं नाव.

पुडी १ मधला रुपया १९८५ चा आहे, २६ मिलिमीटरचा, ६ ग्रॅमच्या जातीचा. सिंहाच्या बाजूला सिंह. उलटवून पाहिलं तर आकड्याच्या बाजूला रुतलेला, उलटा सिंह. लांबून पाहिल्यावर छातीत धडधडलं.

भिंग लावलं आणि धडधड थांबली. त्या रुतलेल्या सिंहाखाली १ हा आकडा आहे. चेपलेला, पण आहे. कणसांची टोकंही आहेत. लाखी नाण्यावर आकडा असूच शकत नाही, कारण आकड्याचा ठसा त्या चकतीला शिवलेलाच नसतो. मध्ये चिकटलेलं नाणं होतं ना. दोन्ही चित्रं एकाच जागी, एक दबलेलं आणि दुसरं त्यावर रुतलेलं, याचा अर्थ नाणं आधी पूर्ण पडलं आणि मग त्यावर दुसरं नाणं दाबलं गेलं.

तरी मला स्वतःच्या डोळ्यांवर सोडायचं नव्हतं. मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो. नाण्यांवर प्रयोग करायचा नाही हे आधीच ठरलेलं. २०११ च्या नाणे कायद्याने नाणं वितळवायला, नष्ट करायला मनाई आहे, आणि मनाई नसती तरी माझ्याने झालं नसतं. भोहरी आळीतून पितळी बिल्ले आणले होते, आकडे उठावात असलेले. दोन बिल्ले एकमेकांवर ठेवले, व्हाइसमध्ये धरले आणि दांड्याला पाइप लावून आवळले.

जे झालं ते लिहून ठेवतो. एक, खालच्या बिल्ल्यावर वरच्याचा आकडा उलटा रुतला, पण फक्त उंच भागांचा. बारीक तपशील आलाच नाही. दोन, खालच्या बिल्ल्याचा मूळ आकडा चपटा झाला पण गेला नाही. तीन, दोन्ही बिल्ल्यांच्या बाहेरच्या बाजू, ज्या व्हाइसच्या जबड्याला टेकल्या होत्या, त्यांचे उंच भाग आरशासारखे सपाट झाले. चार, काठ मधोमध किंचित फुगला, कारण त्याला धरून ठेवणारं कडं नव्हतं.

घरी येऊन पुडी १ पुन्हा उघडली. सिंहांच्या छातीचा आणि आयाळीचा सर्वात उंच भाग सपाट, चकचकीत. काठ फुगलेला, व्हर्निअरमध्ये व्यास २६.२. चारही खुणा जागच्या जागी.

मामा कशाला असलं करतील? कुणीतरी त्यांना ते दिलं किंवा विकलं, आणि त्यांनी तीस वर्षं जपलं. मला फार वाईट वाटलं. वहीत मात्र 'नुकसान' असंच लिहिलं.

रात्री साडेदहाला पुडी ७३ उघडली. दहा पैसे, पोलादी, १६ मिलिमीटरचे. चिठ्ठीवर नुसतं 'आकडा पडला नाही'. एका बाजूला सिंहस्तंभ, उठावात, स्वच्छ. दुसऱ्या बाजूला तोच सिंहस्तंभ, खोल, उलटा, आणि 'भारत' उजवीकडून डावीकडे. आकड्याचा मागमूस नाही. चपटा नाही, पुसट नाही, अजिबात नाही. खोल अक्षरांच्या तळाशीसुद्धा ठोक्याची ती झळाळी फिरते. वजन २.०० ग्रॅम. हे खरं लाखी आहे, आणि मामांना ते ठाऊकच नव्हतं. मी ते तळहातावर घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे.

५ जुलै

फिरलेले ठसे. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजूंचा माथा एकाच दिशेला असतो. नाणं वरून-खालून चिमटीत धरून दारासारखं फिरवलं की मागचं चित्र सरळ दिसायला हवं. तीन रुपयांवर ते तिरकं येतं, एकावर जवळजवळ चाळीस अंश. ठसा आपल्या जागेवर सैल झाला की असं होतं. अखंड नाण्याची एक बाजू बाहेर कुणालाच फिरवता येत नाही. फक्त नाणं दोन तुकडे जोडून केलेलं नाही एवढं पाहायचं. कडेच्या आत शिवण शोधली, लाकडी पाटावर टाकून आवाज ऐकला. जोडलेलं नाणं बद्द वाजतं. ही तिन्ही खणखणीत. खरी.

१० जुलै

मामेभाऊ आला होता. माझ्याहून बराच लहान, पण त्याला सगळे दादाच म्हणतात. त्याने खिशातून एक नाणं काढून टेबलावर ठेवलं. मधला पांढरा भाग नसलेले दहा रुपये, नुसतं पिवळं कडं. मोबाइलवर कुणाकडून तरी अडीच हजाराला घेतलंय.

दहा रुपयांचं नाणं दोन धातूंचं, २७ मिलिमीटर आणि ७.७१ ग्रॅमचं. कडं आणि मधली चकती वेगवेगळी येतात आणि ठोक्याच्या दाबानेच एकमेकांत अडकतात. समजा मधली चकती आलीच नाही आणि नुसत्या कड्यावर ठोका पडला. तर कड्याचा धातू मोकळ्या भोकाकडे ओघळणार, भोक लहान होणार, त्याचा काठ गोलसर होणार. दादाच्या कड्यात भोकाची भिंत उभी, सरळ, आणि तिच्या मधोमध एक कंगोरा आहे, जिथे मधली चकती अडकून बसली होती. म्हणजे ठोक्याच्या वेळी ती होती. नंतर बाहेर ठोकून काढली. कडं सपाट काचेवर ठेवलं तर किंचित डुगडुगतं, ठोकताना वाकलेलं आहे.

सांगितलं त्याला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबांच्या पुड्यांत एकही विकत घेतलेलं नसेल, बघ." रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं, तेही त्याला दाखवलं. ज्यांची बचत थोडी असते तेच यात सापडतात, याचा मला खरोखर संताप येतो.

जाताना त्याने डब्यावर हात ठेवला आणि विचारलं, "त्यात एक चपटं वीस पैशांचं आहे का?" मी म्हटलं, आहे, पुडी ८०, अजून पाहायचं आहे. तो 'बरं' म्हणाला आणि गेला.

२१ जुलै

अक्षर गायब असलेली पाच नाणी. ठशाच्या खाचेत वंगण आणि धातूची पूड भरून बसली की धातू तिथे शिरत नाही आणि अक्षर उमटत नाही. पण त्या जागेची पाठ इतर पाठीसारखीच सलग राहते. झळाळी त्यावरून न अडखळता जाते. एक रुपयाच्या दोन नाण्यांवर 'भा' असा गेलेला आहे, फक्त कान्याची एक फिकी सावली उरलीय. खरी. बाकी तिघांवर त्याच जागी बारीक समांतर रेषा आणि जरासा खळगा. पॉलिश पेपर.

याच जातीचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटचा एक ठसा डाग घालवण्यासाठी जास्त घासला गेला आणि त्यावरच्या गव्याचा पुढचा एक पाय पुसला गेला. तीन पायांचा गवा महाग झाला, तसे लोक साध्या नाण्यावरचा पाय घासू लागले. पण खऱ्या नाण्यावर गव्याच्या पोटाखाली उंच ठिपक्यांची एक ओळ आहे, ठशाच्या पृष्ठावरच्या खड्ड्यांमुळे आलेली. घासून पाय काढता येतो, उंच ठिपके आणता येत नाहीत. हे वाचल्यापासून मी प्रत्येक नाण्यावर काय गेलंय याआधी काय आलंय ते पाहतो.

पुडी १८, पन्नास पैसे: चित्र एका बाजूला सरकलेलं, दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर. कोरा भाग चकतीसारखाच स्वच्छ, नाणं कॉलरबाहेर पसरून लांबट झालेलं. खरं.

पुडी ८०, दादाने विचारलेलं. वीस पैसे, ॲल्युमिनियमचं षट्कोनी नाणं. आता षट्कोन राहिलेला नाही, पिंपळपानासारखं लांब पसरलंय. चिठ्ठी: 'घरातच सापडलं. कॉलरशिवाय पडलं?' वजन २.१९ ग्रॅम, म्हणजे पुरेपूर. कॉलर नसताना पडलेलं नाणं खरंच पसरतं, पण चारी बाजूंना, आणि मधलं चित्र ठसठशीत राहतं. हे एकाच दिशेला ताणलंय, दोन्ही बाजूंचं चित्र भुतासारखं फिकं, लांबलेलं, आणि एका बाजूला ताणाच्या दिशेने बारीक रेषा. नुकसान नक्की. कशाने, ते ठरत नाही. सोनाराच्या पत्रा काढायच्या मशीनमधून गेलं असावं, असा अंदाज लिहिला.

हिशोब: साधी ८. खरी चुकलेली १४. नुकसान झालेली ६०. अनिर्णित ५, आणि ही पाचही त्या घासलेल्या नऊपैकी. त्यांच्यावर मी निकाल देणार नाही.

२८ जुलै, कराड

मामींसमोर सतरंजीवर सगळी पाकिटं मांडली. लाल शाईची पुडी आधी घेतली. मागाहून सांगणं मला जमलं नसतं. भिंग त्यांच्या हातात दिलं, दिवा आडवा धरला आणि रुतलेल्या सिंहाखालचा १ दाखवला. त्यांना दिसायला वेळ लागला. दिसल्यावर म्हणाल्या, "म्हणजे हे आधी नाणं होतं." बरोबर तेच. मग दहा पैसे त्यांच्या तळहातावर ठेवले. आकडा शोधत त्यांनी ते तीनदा उलटलं.

"विकायचं नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं.

दादा आतापर्यंत दारात उभा होता. आत येऊन त्याने पुडी ८० उघडली, चपटं वीस पैसे बोटांत धरलं. १९८५-८६ च्या सुमाराला मित्रांबरोबर ओगलेवाडीला स्टेशनाच्या पुढे रुळावर ठेवलं होतं, मालगाडी गेल्यावर उचललं, आणि मार बसेल म्हणून घरी येऊन मामांच्या टेबलाच्या खणात मागे सारलं. मामांना ते सापडलं. त्यांनी कधी विचारलं नाही, दादाने कधी सांगितलं नाही.

मामी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लिही ते."

मामांची चिठ्ठी तशीच ठेवली. तिच्याखाली दुसरी चिठ्ठी घातली: पुडी ८०. वीस पैसे, ॲल्युमिनियम, २.१९ ग्रॅम. नुकसान, ठोक्यानंतरचं. रेल्वेचा रूळ, ओगलेवाडी. सोनाराच्या मशीनचा अंदाज खोडला.